तपासणी दुपारी साडेचारला घेण्याबाबत

तुकईथड
दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
अपील वैद्यकीय मंडळ,
सैनिकी रुग्णालय.

(मार्फत : मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी)

अर्जदार : माजी हवालदार गिरधर भाईदास महाजन, लाइनमन, दळणवळण शाखा, सेवा बावीस वर्षे, वय ४७, राहणार तुकईथड, तहसील खकनार, जिल्हा बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश.

विषय : माझ्या अपंगत्वाची टक्केवारी ठरवण्यासाठी ९ डिसेंबर रोजी सकाळी साडेआठला ठेवलेली तपासणी त्याच दिवशी दुपारी साडेचारला घेण्याबाबत, तसेच मागील तीन तपासण्यांत मी केलेल्या खोट्या निवेदनांची कबुली.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे ३१ ऑक्टोबरचे बोलावण्याचे पत्र.

महोदय,

१. संदर्भीय पत्र मला ६ नोव्हेंबर रोजी मिळाले. त्यात लिहिल्याप्रमाणे या मंडळाचा निर्णय अंतिम राहील व त्यानंतर अपील चालणार नाही. मला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा आजार २०१६ पासून आहे. २०१९ साली निवृत्तीच्या वेळच्या मंडळाने हा आजार सेवेमुळे वाढला असे मान्य करून अपंगत्व तीस टक्के धरले. २०२२ च्या मंडळाने वीस टक्के धरले. या वर्षी फेब्रुवारीतल्या मंडळाने चौदा टक्के धरले. वीसच्या खाली गेलेले अपंगत्व हिशेबात घेतले जात नाही, म्हणून मार्चपासून माझ्या पेन्शनचा अपंगत्वाचा भाग बंद झाला. आजार मात्र दर वर्षी वाढत गेला आहे. टक्के उतरत गेले आणि आजार चढत गेला याचे कारण मंडळ नसून मी स्वतः आहे, हे कळवण्यासाठी हा अर्ज आहे.

२. आमच्या जिल्ह्यात सरकारी कागद हिंदीत चालतो हे मला ठाऊक आहे. माझे आधीचे दोन अर्ज हिंदीतच होते. हा अर्ज मराठीत लिहिण्यास दोन कारणे आहेत. एक, बोलावण्याच्या पत्राखालचे आपले आडनाव वाचून आपण मराठी आहात असे माझ्या पत्नीने ठरवून टाकले आहे, आणि तिने ठरवलेले बदलण्याची आमच्या घरात पद्धत नाही. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी भरती झालो तेव्हा मला हिंदी बाजारापुरती येत होती. पलटणीत मी ती नीट शिकलो. ‘कैसे हो’ असे विचारल्यावर ‘ठीक हूँ सर’ म्हणायचे, हे त्या हिंदीतले पहिले वाक्य. बावीस वर्षांत त्याचे दुसरे उत्तर मी कधी दिले नाही. ताप असताना दिले नाही, माझे वडील वारले त्या दिवशी रजेचा कागद घेऊन साहेबांसमोर उभा होतो तेव्हाही दिले नाही. दुखते, जमत नाही, हात उचलत नाही, ही वाक्ये मला फक्त घरच्या बोलीत येतात. आपण मराठी नसल्यास माझी मुलगी तेजस्विनी हिने केलेला हिंदी तर्जुमा सोबत जोडला आहे. ती कॉलेजात शिकते व तिची हिंदी चांगली आहे.

३. आजाराबद्दल मी आपल्याला काय सांगणार. तरीही लाइनमन या नात्याने मला तो जसा समजला तसा लिहितो. मुख्यालयातला टेलिफोनचा संच चालू आहे. चौकीवरचा संच चालू आहे. तार कुठे तुटलेली नाही. पण मधला एक जोड सैल आहे. सकाळी पहिला निरोप स्वच्छ जातो, दुसरा जातो, दहावा अर्धा जातो आणि दुपारनंतर काहीच जात नाही. थोडा वेळ लाइन बंद ठेवली की पुन्हा दोन-चार निरोप जातात. अशा लाइनची तपासणी सकाळी एकदा बेल वाजवून करणाऱ्या लाइनमनला आमचे उस्ताद दिवसभर खांबावर चढवत. लाइन तपासायची तर ती थकल्यावर, भर कामात तपासायची, हे मी स्वतः तीन तुकड्यांना शिकवले आहे.

मला हा आजार असाच एका खांबावर कळला. वाळवंटातली जागा होती, मे महिना होता, दुपारचे तीन वाजले होते. पक्कड हातात होती पण बोटे मिटेनात. समोर एका तारेच्या दोन तारा दिसू लागल्या. मी खाली उतरलो, सावलीत बसलो, अर्ध्या तासाने बोटे मिटू लागली. मी वर जाऊन काम पूर्ण केले आणि कोणाला काही सांगितले नाही. पुढचे पाच महिने मी हेच करत राहिलो. तेव्हा सांगितले असते तर औषध लवकर सुरू झाले असते, असे आमचे इंदूरचे डॉक्टर म्हणतात. ते बरोबरच म्हणतात.

४. माझा दिवस आपल्या माहितीसाठी देत आहे. वेळा फौजी पद्धतीने लिहितो, सवय गेलेली नाही.

०५३० ला उठतो, गोळी घेतो. ०६१५ पासून ०९०० पर्यंत मी आपण म्हणाल तसा माणूस असतो. भावाच्या केळीच्या बागेत जाऊन ठिबकच्या नळ्या बघतो, मोटार सुरू करतो, एखादा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणतो. रस्त्याने जाणारे लोक हे बघतात. ०९३० ला दुसरी गोळी. ज्वारीची भाकरी मला अकराच्या आतच खावी लागते, त्यानंतर जबडा तिला पुरा पडत नाही. १३३० पासून डाव्या डोळ्याची पापणी उतरते, १४०० ला उजवी. मग वैजयंती, म्हणजे माझी पत्नी, दोन्ही पापण्या चिकटपट्टीने कपाळाला लावते. दारात कोणी आले की मी ती पट्टी ओढून काढतो आणि झोपलो आहे असे दाखवतो. १५०० पासून मला एकाऐवजी दोन तेजस्विनी दिसतात. ती म्हणते, पप्पा, मग दोघींचीही फी भरा. १६०० ला मान ठरत नाही, हनुवटीखाली हात द्यावा लागतो. १६३० ला आवाज नाकातून येऊ लागतो आणि पाच मिनिटे बोललो की विरतो. कोणी नाव विचारले तर गिरधर एवढे समजते, आडनावापर्यंत मी पोचत नाही. संध्याकाळी पातळ खिचडी. जबडा एका हाताने खालून उचलून चावायचे, दुसऱ्या हाताने घास. तो दुसरा हातही बहुतेक वेळा वैजयंतीचाच असतो. पाणी कधी नाकातून येते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये श्वासाचे स्नायूच थकले आणि मला नऊ दिवस यंत्रावर ठेवावे लागले.

पंधरा ऑगस्टला सकाळी साडेसातला शाळेच्या पटांगणावर मुलांची परेड मी घेतो. माझा ‘सावधान’ पार वेशीपर्यंत ऐकू जातो असे लोक सांगतात. त्याच दिवशी दुपारी भेटायला आलेल्या पाहुण्यांना मी पाणी घ्या असे म्हटलेले कळले नाही. म्हणून गावात काही जण म्हणतात की फौजी नाटक करतो. दोन्हीपैकी नाटक कोणते, एवढेच त्यांना ठरवता येत नाही.

५. आता कबुली.

(अ) तिन्ही मंडळे सकाळची होती. तिन्ही वेळा मी तपासणीच्या आधीचे तीन दिवस पूर्ण विश्रांती घेतली. बागेत गेलो नाही, मोठ्याने बोललो नाही, पायऱ्या चढलो नाही. एखाद्याला वाटेल की आजारी माणूस तपासणीआधी अधिक आजारी दिसायची तयारी करतो. मी उलट केले. साहेबांसमोर पापणी पडलेली दिसू नये एवढेच माझ्या डोक्यात होते. फेब्रुवारीतल्या तपासणीला मी बुटांना आदल्या दिवशी पॉलिश केले, कोटावर पदके लावली आणि गोळीची वेळ अशी साधली की तिचा जोर नेमका नऊ ते दहाच्या दरम्यान यावा. अशी वेळ साधणे मला चांगले जमते. ते आमचे कामच होते.

(आ) खोलीत गेल्यावर मी सलाम केला. साहेबांनी विचारले, कैसे हो हवालदार साहब. मी म्हणालो, ठीक हूँ सर. त्यांनी विचारले, खाना-पीना ठीक है. मी म्हणालो, ठीक है सर. त्यांनी विचारले, कोई तकलीफ. मी म्हणालो, नहीं सर. ही तीन उत्तरे कागदावर उतरली व त्याखाली मी सही केली. ही तिन्ही उत्तरे खोटी आहेत.

(इ) नंतर मला दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगितले व घड्याळ लावले. थकल्यावर हात खाली करा असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, त्यांचा काही दोष नाही. पण समोर कर्नल साहेब बसलेले असताना हवालदाराने हात खाली करायचे, हे माझ्याकडून झाले नाही. दुसऱ्या मिनिटाला खांद्यात आग पडली. भरतीच्या वेळी उस्ताद आम्हाला रायफल डोक्यावर धरून उभे करत, ते आठवले आणि तेच आठवत राहिलो. पूर्ण तीन मिनिटे धरले. कर्नल साहेब म्हणाले, शाबास. मला त्या शाबासकीचा आनंद झाला, हे लिहायला आज लाज वाटते. चौदा टक्के त्याच वेळी ठरले असावेत.

(ई) मी सलाम करून बाहेर आलो. दार लागले आणि मी भिंतीला टेकलो. माझे मेहुणे योगेश सोबत होते. त्यांनी बाकावर बसवून चहा दिला, तो नाकातून आला. मला उभे राहता येईना. योगेश म्हणाले, आत जाऊन साहेबाले सांगतो, ते बघतीन तरी. मी त्यांचा हात धरला. बोलता येत नव्हते म्हणून मान हलवून नाही म्हटले आणि बोटाने मागचा जिना दाखवला. त्यांनी मला पाठीवर घेतले आणि स्वयंपाकघराच्या बाजूने, जिथून भांडी जातात तिथून बाहेर काढले. कारण पुढच्या दाराने गेलो असतो तर एखाद्या अधिकाऱ्याने मला त्या अवस्थेत पाहिले असते.

महोदय, मला ज्यांनी पाहायला हवे होते त्यांच्यापासूनच मी लपून गेलो. मी ज्या रस्त्याने गेलो तो रस्ता माझ्या सगळ्या कागदपत्रांपेक्षा खरा होता.

(उ) सरकारला खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे, असे तपासणीच्या फॉर्मवर तळाशी छापलेले असते. आजारी नसताना आजारी आहे असे सांगितल्यास काय होते हे सर्वांना माहीत आहे. आजारी असताना निरोगी आहे असे सांगितल्यास कोणते कलम लागते याची मी बुऱ्हाणपुरात दोन वकिलांकडे चौकशी केली. पहिले हसले. दुसऱ्यांनी फी घेतली नाही. तरी नियमात जी काही तरतूद असेल ती माझ्यावर लागू करावी, माझी हरकत नाही. फक्त टक्के खऱ्यावर द्यावेत.

६. माझ्या अपिलाच्या कागदांबद्दलही खुलासा करणे भाग आहे. मार्चमध्ये मी बुऱ्हाणपुरात शनवारा भागात चंदनबाबूंकडे गेलो. ते चाळीस वर्षांपासून लोकांचे अर्ज लिहून देतात व त्यांचा हात सुंदर आहे. मी इंदूरच्या डॉक्टरांचे पत्र दिले. त्यात स्पष्ट लिहिले होते की या रुग्णाची ताकद दिवसभरात उतरत जाते, तरी मोजमाप दिवसाच्या शेवटी करावे. चंदनबाबूंनी ते वाचून बाजूला ठेवले. म्हणाले, फौजी आदमी का आवेदन रोता हुआ नहीं होना चाहिए. मला ते पटले. इथेही दोष माझाच, कारण दुसऱ्या कोणाला ते पटले नसते. त्यांनी लिहिले की प्रार्थीने सदैव दृढ शरीर व अटल निष्ठेने राष्ट्राची सेवा केली आहे आणि आजही करण्यास तत्पर आहे. वाचताना माझी छाती भरून आली आणि मी सही केली.

मग ते म्हणाले की एखाद्या भल्या माणसाचा दाखला जोडला तर वजन पडते. मी गावातले निवृत्त मुख्याध्यापक रमेश गुरुजी यांच्याकडे गेलो, सकाळी आठ वाजता. त्यांचा माझ्यावर लोभ आहे. त्यांनी लिहून दिले की अर्जदार सुदृढ, मेहनती व व्यसनमुक्त असून पहाटे शेतात काम करताना मी त्यांना रोज पाहतो. सोबत पंधरा ऑगस्टच्या परेडचा फोटोही त्यांनी आपणहून दिला. आम्ही हे सर्व अपंगत्वाच्या अपिलाला जोडले. जूनमध्ये उत्तर आले, त्यात गुरुजींचे वाक्य जसेच्या तसे होते. फोटोचाही उल्लेख होता. गुरुजींना मी ते उत्तर दाखवलेले नाही. त्यांचे वय एक्याऐंशी आहे आणि त्यांनी खोटे काहीच लिहिलेले नाही.

त्यानंतर मी स्वतः चार ओळींचे विनंतीपत्र पाठवले की मला पुन्हा एकदा पाहावे. ते आपण मान्य केले याबद्दल मी आभारी आहे.

७. हा परिच्छेद लिहावा की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. तेजस्विनीचे म्हणणे होते की सरकारला हे काय करायचे. मी तो लिहीत आहे.

वैजयंती अंगणवाडीत मदतनीस होती. गावातली निम्मी मुले तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली आहेत. माझ्या यंत्रावरच्या नऊ दिवसांनंतर तिने ते काम सोडले, कारण दुपारी मला घास अडकला तर घरात कोणी हवे. ती मला उचलते, बसवते, पापण्या चिकटवते, भरवते. चौदा टक्क्यांचा कागद आला तो तिने तेजस्विनीकडून वाचून घेतला आणि विचारले की याचा अर्थ काय. तेजस्विनीने सांगितले की पप्पांना अपंगत्व नाही असा. वैजयंतीने तो कागद घडी करून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, “साहेबासमोर तुम्ही ताठ उभे राहता अन् घरी आम्ही तुम्हाले उचलतो. मंग मी कोणाले उचलते, तेबी त्याइले विचारून या.”

तिचा प्रश्न योग्य आहे. सरकारी कागदाप्रमाणे माझी पत्नी रोज संध्याकाळी एका निरोगी माणसाला भरवते. पेन्शन बंद झाल्याची अडचण आहेच, ती मी लपवत नाही. पण या कागदामुळे माझ्याबरोबर तीही खोटी ठरली आहे, आणि तिने तर कोणापुढे कधी ‘ठीक हूँ’ म्हटलेले नाही. माझा खोटेपणा माझ्यापुरता राहिला असता तर मी हा अर्ज केला नसता.

८. सबब, खालील विनंत्या आहेत. काही विचित्र वाटतील याची कल्पना आहे.

पहिली, तपासणी दुपारी साडेचारला घ्यावी. मी सकाळी साडेआठलाच हजर होईन व आपण दाखवाल त्या बाकावर बसून राहीन. तोपर्यंत मला विश्रांतीला खोली देऊ नये. मधल्या वेळात रुग्णालयाच्या काही फाइली इकडून तिकडे न्यायच्या असल्यास मला सांगाव्यात.

दुसरी, दुपारची गोळी आपल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्यांना योग्य वाटल्यासच, उशिरा द्यावी. घरी हा प्रयोग करू नका असे इंदूरच्या डॉक्टरांनी बजावले आहे, म्हणून रुग्णालयातच मागत आहे.

तिसरी, तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या अर्ध्या तासापुरते साधे कपडे घालावेत. गणवेशाचा अनादर करण्याचा हेतू नाही. उलट आदर फार आहे, म्हणूनच त्याच्यापुढे माझे शरीर माझे ऐकत नाही. मी स्वतःही पदके लावून येणार नाही. बुटांना पॉलिश करणार नाही असे लिहिणार होतो, पण ते मला जमेल असे वाटत नाही.

चौथी, प्रश्न मला न विचारता माझ्या पत्नीस विचारावेत. ती खरे सांगेल. तिला हिंदी थोडी येते व ती कोणाला सर म्हणत नाही.

पाचवी, मी हात समोर धरल्यावर कोणीही शाबास म्हणू नये. शक्य झाल्यास, हवालदार, हात खाली, असा हुकूम द्यावा. हुकूम असेल तर मी ते करू शकेन.

सहावी, वरीलपैकी काहीच नियमात बसत नसल्यास तपासणी नेहमीप्रमाणे सकाळी घ्यावी, पण ती झाल्यावर आपण किंवा आपल्यापैकी कोणीही एकाने दहा मिनिटांनी दार उघडून बाहेर पाहावे. मी या वेळी मागच्या जिन्याने जाणार नाही. योगेश यांना तशी ताकीद दिली आहे.

९. येथपर्यंतचा मजकूर मी चार दिवस रोज सकाळी सहा ते आठ या वेळेत स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तो सुवाच्य आहे, ओळी सरळ आहेत, आणि हे अक्षर पाहून आपण पुन्हा म्हणाल की या माणसाला काही झालेले नाही. म्हणून हा शेवटचा परिच्छेद मुद्दाम आज दुपारी लिहायला घेतला आहे. पहिल्या दोन ओळी माझ्या आहेत, त्या आपल्याला लागतील तशा लावून घ्याव्यात. तिसऱ्या ओळीपासून तेजस्विनी लिहीत आहे. मी सांगतो आहे, जे तिला कळत नाही ते पुन्हा सांगतो आहे, आणि आता ती म्हणते आहे की पप्पा, बस करा.

एकच सांगायचे राहिले. मागे एका कार्यालयात मी दुपारी सही केली ती नमुन्याशी जुळली नाही, आणि हे गिरधर तुम्हीच कशावरून असे मला विचारण्यात आले. तेव्हापासून महत्त्वाच्या कागदावर मी दोन वेळा सही करतो. दोन्ही माझ्याच आहेत. माणूसही एकच आहे. आपण आजवर त्याच्या सकाळच्या सहीवरच टक्के दिले आहेत. आता दुपारच्या सहीवरही नजर टाकावी, एवढ्यासाठी हा सगळा प्रपंच.

कळावे. आपला वेळ घेतला.

आपल्या हुकुमाची दुपारपर्यंत वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही, सकाळी ७ वाजून १० मिनिटे)
गिरधर भाईदास महाजन

(सही, दुपारी ४ वाजून ४० मिनिटे)
गिरधर भाई

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१) इंदूरच्या डॉक्टरांचे पत्र. हे मागील अपिलात जोडायचे राहिले होते.
२) तिन्ही मंडळांचे निर्णय, झेरॉक्स.
३) यंत्रावर ठेवल्याच्या नऊ दिवसांचा रुग्णालयाचा कागद.
४) या अर्जाचा हिंदी तर्जुमा, कु. तेजस्विनी हिच्या हस्ताक्षरात. तिने परिच्छेद ७ चा तर्जुमा केलेला नाही. तो आपण कोणाकडून तरी वाचून घ्यावा.
५) पापणीची चिकटपट्टी, वापरलेली, एक. १७ नोव्हेंबर, दुपारी २ वाजून १० मिनिटांची.
६) रमेश गुरुजींचा दाखला व परेडचा फोटो आपल्या फाइलीत आहेत. ते मागे घेण्याची परवानगी असावी. फोटो परत मिळाल्यास बरे, दुसरी प्रत नाही.

साक्षीदाराचा शेरा :

दुसरी सही माझ्यासमोर झाली. अर्ध्यात पेन हातातून सुटलं. मी उचलून दिलं अन् विचारलं, हात धरू का, पुरी करता का. ते म्हणाले, ठीक आहे. साहेब, त्यांचं हे उत्तर लिहून घेऊ नका.

सौ. वैजयंती गिरधर महाजन